रडारला दिसलेलं झाकण
नात डब्याचं झाकण उन्हात धरून भिंतीवर कवडसा नाचवते, तेव्हा मला चाकणच्या कंपनीतली ती खोली आठवते. शत्रूच्या रडारला खोटी विमानं दाखवून कसं फसवायचं, याचा सराव साहेबलोक तिथं करायचे. मी झाडलोट करायचे. भिंतीभर निळ्या स्पंजचे सुळके होते, दार लागलं की आवाज बाहेर जात नसे आणि फोनही लागत नसे. एका दुपारी मी खोलीबाहेर असताना शेजारणीचा फोन आला, "लेकीला कळा लागल्यात, दवाखान्यात एकटीच हाय, लवकर ये." डबा घेऊन निघाले, त्या खोलीत राहिलेला झाडू आणायला गेले आणि कुणीतरी न बघता बाहेरून दार लावलं. चाचणी सुरू झाली. मी दार बडवलं, आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, पण स्पंजनं सगळं गिळलं. मग साहेबांची चेष्टा आठवली, "मावशी, डबा आत विसरू नका, आमचं रडार त्याला विमान समजतं." झाकण काढून मी रडारच्या यंत्रासमोर हलवत राहिले. हात भरून आले तेव्हा साहेबांनी दार उघडलं. "तरी म्हटलं, हे जादाचं विमान कुठून आलं! मावशी, तुम्ही?" झाकण हातात घेऊनच मी पळाले. दवाखान्यातलं दारही बंदच होतं, पण त्यातून लेकीची "आई" अशी हाक ऐकू येत होती. मी दुसऱ्यांदा ओरडले, "आले गं!" नातीला मी कधी झाकण खाली ठेव म्हणत नाही.