रिसेटच्या बटणातला तांदूळ

मित्रहो, माझा नवा जोडलेला कॉम्प्युटर दर दोन मिनिटांनी आपोआप रिस्टार्ट होतो, हे काल इथे लिहिलं होतं. तुम्ही सांगितलं तशी रॅम पुसून बसवली. आमच्या मूल गावातल्या राईस मिलमुळे व्होल्टेज पडत असेल म्हणून यूपीएसही लावला. फरक नाही.

आज अकराला मुलगी पुण्याहून वेबकॅमवर बाळ दाखवणार होती. आम्ही दोघांनी नातीला अजून पाहिलंच नव्हतं. साडेदहा वाजले तरी मशीनचं तेच.

"तुमीच जोडला ना? मंग काऊन बंद पडून राह्यला?" बायकोने विचारलं.

"तेच तं पाहून राह्यलो."

मग समोरच्या बटणांच्या वायरी मदरबोर्डवरून एकेक काढून पाहिल्या. रिसेटची वायर काढली आणि मशीन चालूच राहिली! पाच मिनिटं, दहा मिनिटं. टॉर्चने बटण पाहिलं, तर फटीत कुंकू लागलेला तांदूळ. परवा पूजेत मीच कॅबिनेटवर मूठभर अक्षता टाकल्या होत्या. पंख्याच्या थरथरीने हलणाऱ्या त्या दाण्याने बटण मधूनमधून दाबलं जात होतं.

बायको हसत सुटली. "देवाले म्हणता चालू ठेव, अन् बटन तुमीच दाबता!"

अकराला नात दिसली. तिने मोठी जांभई दिली. बायको पडद्याला बोट लावून म्हणाली, "नाक तुमचंच आहे, पाहा."

तो दाणा मी तुळशीत ठेवला. पूजा चुकली असं मला वाटत नाही. पण पुढच्या वेळी काय करावं? तुम्ही यंत्राची पूजा करता, तेव्हा अक्षता नेमक्या कुठे वाहता?