दहा पावलं

भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या आमच्या गोडाऊनमध्ये एक नियम आहे. ग्रुपवर सरांचा मेसेज आला की पाच मिनिटांत उत्तर हवंच. कुणी ठरवला, देव जाणे. नाही दिलं तर सर सगळ्यांसमोर विचारतात, मॅडम झोपल्यात का? ते बेचाळीस जण वाचतात. म्हणून जेवताना फोन हातात, बाथरूमला जाताना फोन हातात. सुट्टीच्या दिवशीही तो वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. कंटाळा आलाय मला या डबीचा, पण ग्रुप सोडला तर नोकरीही सुटली.

मी पॅकिंगची लाइन सांभाळते. तीन नंबरच्या टेबलावर कोन गावची एक मावशी होती. आधी कितीतरी वर्षं तिने भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. ती सांगायची, तिथल्या आवाजात शेजारचं माणूस ऐकू येत नाही. कापडात खोट दिसली तर मुकादमाला लूम बंद करून कामगाराजवळ यावं लागायचं, कापडावर बोट ठेवून विचारावं लागायचं. मी हसायचे. म्हणायचे, मावशी, आता एका मेसेजमध्ये काम होतं.

झालंही. एका दुपारी सरांनी खोक्याचा फोटो टाकला. आत कुकर, वर लेबल काचेच्या बरणीचं. खाली एवढंच, कोण? लेबलवर टेबल नंबर तीन होता. मी पुढचंमागचं काही बघितलं नाही, सटकन मावशीचं नाव टाकलं. खोटं कशाला बोलू, पहिलं उत्तर माझं गेलं म्हणून बरंही वाटलं. लगेच सरांचा मेसेज आला, तिला उद्यापासून पाठवू नका. त्याखाली माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचा अंगठा. सगळं मिळून दोन मिनिटं.

मग मी फोटो मोठा करून पाहिला. लेबलवर वेळ छापली होती, एक वीस. त्या वेळी मावशी जेवायला गेली होती आणि तिच्या टेबलावर मी बसले होते.

मेसेज डिलीट केला, पण तो सगळ्यांनी वाचला होता. खरं काय ते लिहायला मात्र मला संध्याकाळ झाली. भित्रीच मी. सरांचं उत्तर आलं, ओके, पुढे लक्ष द्या. मावशीच्या जागी ठेकेदाराने तोवर दुसरी बाई ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षाने कोनला गेले. मावशीने चहा ठेवला. मी रडत रडत सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देईल. तिने कप पुढे केला आणि म्हणाली, "मी धा पावलांवर व्हते गं. हाक तरी मारायची."

आता फोटो आला की मी आधी उठते, त्या टेबलापर्यंत चालत जाते, विचारते, मग लिहिते. सर परवाच म्हणाले, तुम्ही हल्ली स्लो झालात. तीन नंबरवरच्या नव्या बाईला ती जागा कशी रिकामी झाली ते कुणीतरी सांगितलंय. मी फोन घेऊन उठले की तिचे हात थांबतात.