वस्तीतली सिद्ध बाई

रोह्याच्या पुढे, धाटावच्या कंपन्यांचा वास जिथवर येतो त्याच्या जरा पलीकडे, आमची वस्ती होती. दहा-बारा कुटुंबं, एक स्वयंपाकघर, एक शेत आणि सगळ्यांच्या वतीने विचार करायला एक गुरुजी. वडिलांनी पेणचं रामवाडीतलं घर विकून आम्हाला तिथे नेलं, तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. माझं-तुझं संपलं, असं ते अभिमानाने सांगत. गुरुजींची खोली तेवढी वेगळी होती, आणि पंखाही फक्त तिथेच.

पुढे आईला आवाज ऐकू यायला लागले. झोप उडाली. ती भिंतीशी बोलायची. गुरुजींनी जाहीर केलं, हिला सिद्धी मिळाली. झालं! तिच्या भाकऱ्यांना नावं ठेवणाऱ्या बायका तिच्या पाया पडू लागल्या. वडील बाजूला हात जोडून उभे. एवढा शिकलेला माणूस, पण बायकोचे खोल गेलेले डोळे त्याला दिसले नाहीत. तेज दिसलं.

एका दुपारी पंगत बसली असताना आई गुरुजींकडे बोट दाखवून ओरडली, "ह्याने आमटीत विष कालवलंय!" आणि तिने पातेलं उलथवलं. सिद्धी तिथेच संपली. आई आता अशुद्ध ठरली. तिला भाताच्या कोठीत कोंडलं. कडी वडिलांनी लावली. पाया पडणाऱ्यांपैकी एकीनेही तिला पाणी विचारलं नाही. मीच खिडकीच्या गजांतून तांब्या आत दिला आणि रस्त्यावर जाऊन, शिफ्टला निघालेल्या एका बाईच्या फोनवरून मावशीला कळवलं.

मावशी धरमतरच्या खाडीकडची, मिठागरात राबणारी. दुसऱ्या दिवशी ती रिक्षा घेऊनच आली. गुरुजी आडवे आले. "हा वस्तीचा अंतर्गत प्रश्न आहे, ताई."

"बहीण हाय ती माझी. कडी काढ, नाय तर पोलीस आणते."

पोलीस म्हटल्यावर गुरुजींचं सगळं अध्यात्म बाजूला सरकलं. वडिलांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग कडी काढली.

"चल गो बाय, घरी चल," मावशी म्हणाली. आई रिक्षात बसली. मीही.

पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आवाज पुरते गेले नाहीत, पण आईला झोप लागायला लागली. पुढे ती मावशीबरोबर मिठागरावर जाऊ लागली.

एकदा वडील मावशीकडे आले, पेढे घेऊन. आई दारात कोळंबी सोलत होती.

"गुरुजींनी तुला क्षमा केली," ते म्हणाले.

"मी नाय केली," आई म्हणाली आणि सोलत राहिली.

वडील स्टँडकडे निघाले. त्यांना बसा म्हणावं, असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.