सलीमची गोष्ट मी लिहिली

हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही. तुम्ही सलीमला ओळखत नाही, एवढंच बहुधा.

मी परंड्यात शाळेत शिकवतो, आणि टोपणनावानं टीव्हीसाठी लिहितो. हे दुसरं गावात कुणालाच ठाऊक नाही. एक गूढ मालिका होती. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं. कुणाला तरी मोह पडायचा, तो घसरायचा, आणि शेवटी काहीतरी येऊन त्याला गाठायचं. माझ्या दोन गोष्टी परत आल्या. मालिकेच्या ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या, भीती खोटी वाटते. एखादी खरी नाही का तुमच्याकडं?

होती. पण ती माझी होती का?

सलीम माझा लहानपणापासूनचा दोस्त, बसस्टँडजवळ त्याचं शिलाईचं दुकान. एकदा किल्ल्याच्या तटावर बसलो असताना तो बोलून गेला. अब्बा अंथरुणाला खिळलेले. एका दुपारी त्यांनी त्याला तीन हाका मारल्या, मग बाजेवर पेला वाजवला. सलीम शेजारच्या खोलीत जागाच होता. महिनाभर करून करून विटला होता. त्यानं झोपेचं सोंग घेतलं. उठून गेला तेव्हा अब्बा संपले होते. हे फक्त शबानाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं. आणि आता मला.

मी गाव बदललं, नावं बदलली. मेल्यावरही पेला वाजतच राहतो, असं केलं. पण तीन हाका आणि तो पेला — ते तसंच ठेवलं. का? तेवढंच तर चांगलं होतं.

तो भाग लागला तेव्हा सलीमचं सगळं घर टीव्हीपुढं होतं. अब्बा गेले त्या दुपारी बाजेखाली पडलेला पेला अम्मीनंच उचलला होता. तिनं लेकाकडं पाहिलं. त्याला मान वर करता आली नाही. त्यानंतर ती त्याच्या हातचं पाणी घेईना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शाळेत आला. "तू कुणापाशी बोललास का?" मी नाही म्हणालो. आणि मग — खरी कबुली इथं आहे, गोष्ट चोरल्याची नाही — मी म्हणालो, "शबानाचा भाऊ पुण्यात शूटिंगच्या गाड्या चालवतो ना रे?"

एवढंच. पुढचं त्यानं केलं.

शबाना मुलींना घेऊन नळदुर्गला माहेरी गेली. तिला विचारायला सलीम निघाला, तर मलाच सोबत नेलं. ती आतल्या दारात उभी राहून म्हणाली, "मी कुणालाबी बोलले न्हाई. माझ्याशिवाय अजून कुणाला सांगितलं, ते आठवा तुम्ही." आणि माझ्याकडं पाहत राहिली.

"दत्ताला," सलीम म्हणाला. "पण तो तसला न्हाई."

माझ्यापुढं चहा होता. मी कप उचलला आणि प्यालो.

शबाना मुलींसाठी परत आली. अम्मी वारली — लेकाशी एक शब्द न बोलता. सलीम अजून बायकोचा फोन तपासतो, तिचा भाऊ आला की दुकानातून उठून घरी जातो. आणि मी? मी शबानाला तपासतो. मला पाहून ती आत जाते, ती रीत म्हणून, की तिला कळलंय म्हणून? भावानं एवढ्या वर्षांत लेखकाचं खरं नाव शोधून काढलं नसेल? सलीम हसला तरी मी त्या हसण्यात काय दडलंय ते शोधतो.

मालिकेत असा माणूस शेवटी सापडायचाच. मी सापडलो नाही.

मागच्या शुक्रवारी थोरल्या मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका सलीमनं मला आणून दिली. मी ती घेतली.