चेटकिणीचा आवाज

दहावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही उचगावला राहायचो. वडील फौंड्रीत कामाला. शहरातल्या वाचनालयात त्यांनी माझं नाव घातलं होतं. नव्या आलेल्या रहस्यकादंबऱ्या तिथं दाराजवळच्या वेगळ्या कपाटात ठेवत आणि त्या तासाभरात संपत. म्हणून मी पहिल्या बसनं जाऊन, कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर बसलेली असायची.

दुपारी आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात गल्लीतल्या बाया वर्षाच्या चटणीसाठी मिरच्यांची देठं खुडत बसत. "वाच की गं काय तरी, हात चालू हायती, कान रिकामंच," असं कुणीतरी म्हणायचं. मग मी वाचायची. फौजदाराला जाड आवाज, खुन्याला घोगरा. रोज दोन प्रकरणं, आणि ऐन वेळी पुस्तक मिटायचं. बाया ओरडायच्या, शिव्या घालायच्या. मला त्यात फार सुख होतं. शेवट आधी वाचून ठेवायचा नाही, अशी त्यांनी मला शपथच घातली होती.

सगळ्यांत मन लावून ऐकायची ती आक्का. चाळिशी उलटलेली विधवा, मूळची सीमेपलीकडची, बोलण्यात कानडी हेल. गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहायची आणि शेवया करून विकायची. कुणाचं पोर किरकिरायला लागलं की बाया तिच्याकडंच नेत. ती मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची, पोटाला हिंग लावायची, वेखंड उगाळून चाटवायची. मला 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण.

मे महिन्यात मी एक कोरी कादंबरी आणली. त्यात एका गावातली लहान पोरं एकामागून एक आजारी पडतात, आणि गावाबाहेर राहणारी एक बाई चेटकीण असल्याचा सगळ्यांना संशय येतो. तिला कोणता आवाज द्यावा ते मला सुचेना. मग सुचला. मी तिला आक्काचा हेल दिला. शब्दाच्या शेवटी तसंच वर चढणं, 'हो'च्या जागी तसंच 'हौद की' म्हणणं. पहिल्याच वाक्याला बाया फसकन हसल्या. आक्काही हसली. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "चांगलं येतंय की गं तुला." मग मी रोज तसंच वाचू लागले, दिवसागणिक जास्त रंगवून.

शेवटची दोन प्रकरणं उरली होती तेव्हा समोरच्या वहिनींची दीड वर्षाची मुलगी तापानं फणफणली. आदल्या दिवशी तिचं पोट दुखत होतं म्हणून आक्कानं तिला वेखंड चाटवलं होतं. मुलीला झटके आले, डोळे वर गेले, आणि रिक्षात घालून तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी देठं खुडताना बाया आपापसांत कुजबुजत होत्या. मग एक म्हातारी म्हणाली, "पुस्तकातबी चाटण दिल्यावरच पोरं पडली न्हवं?"

"ते खोटं हाय," मी म्हणाले. "रचलेलं असतंय ते."

"छापलंय की. उगंच कोण छापतंय व्हय?"

त्या संध्याकाळी मी शपथ मोडली आणि शेवट वाचला. चेटकीण निर्दोष निघेल, अशी माझी खात्री होती. रहस्यकथेत ज्याच्यावर संशय असतो तो कधी गुन्हेगार नसतो, एवढं मला कळत होतं. पण या कादंबरीत ती खरोखरच चेटकीण निघाली. पोरांना तिनंच मारलं होतं. मी ती पानं परत परत वाचली.

मग मी ठरवलं की आपणच वेगळं वाचायचं. खरा गुन्हेगार गावचा वैद्य, बाईवर नुसता आळ. चार दिवसांनी बाया जमल्या. वहिनीही दवाखान्यातून घटकाभर आंघोळीला आल्या होत्या, त्या दारात उभ्या राहिल्या. आक्का नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. मी पानावर नजर ठेवून मनचं वाचू लागले. वाक्यं जुळेनात. वैद्याला विष कुठून मिळालं ते मला सांगता येईना.

वहिनी सातवी शिकलेल्या होत्या. त्या पुढं आल्या आणि माझ्या हातातून पुस्तक घेतलं. बोट ठेवून, एकेक शब्द लावत, त्यांनी खरं शेवटचं पान वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिरच्यांवर टाकलं आणि आक्काकडं न बघताच त्या निघून गेल्या. मग एकेक बाई उठली.

कुणी आक्काला मारलं नाही की शिवी दिली नाही. नुसतं तिच्याकडं जाणं बंद झालं. शेवया कुणी घेईना. ती नळावर आली की पोरांना आत हाका पडायच्या.

"आई, तू तरी सांग की त्यास्नी," मी म्हणाले.

"मी सांगून काय हुणार? आपल्याला ह्याच गल्लीत ऱ्हायाचं हाय."

वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बायकांच्यात मी कशाला पडू?" मी वहिनींच्या दारात गेले तर त्यांनी कडी काढली नाही. पंधरा दिवसांनी मुलगी बरी होऊन घरी आली. ताप मेंदूत गेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण गल्लीत बोललं गेलं ते वेगळंच: आक्का भ्याली, म्हणून तिनं पोरीवरचा हात काढून घेतला.

आषाढ लागायच्या आत आक्का मुरगूडला येऊन राहिलेल्या भावाकडं निघाली. एक पिशवी मी घेतली, गाठोडं तिच्या डोक्यावर. थांब्यावर बसची वाट बघताना तिनं विचारलं, "तंगी, खरं कुठलं? तू वाचलंस ते, का तिनं वाचलं ते?"

"वहिनींनी वाचलं ते."

"मला वाटलंच. तू आडखळत हुतीस."

चेटकिणीला दिलेल्या आवाजाबद्दल बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात बस आली आणि ती गर्दीतून आत शिरली.

दहा-बारा वर्षांनी मी शाळेत शिक्षिका झाले होते. एका सहकाऱ्याच्या लग्नाला मुरगूडला गेले, तेव्हा विचारत विचारत तिच्या भावाचं घर शोधून काढलं. अंगणात आक्का बसली होती, केस सगळे पांढरे. भावजय म्हणाली, "कोण पावणं तुम्ही? त्यास्नी आता ऐकू येत न्हाय. काय असंल ते वरडून सांगा."

मी तिच्याजवळ बसले, नाव सांगितलं. तिनं कानामागं हात धरला. मी परत, मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. जे बोलायला आले होते ते ओरडून सांगायचं तर त्यांच्यापुढं 'चेटकीण' हा शब्द उच्चारावा लागला असता, या नव्या गल्लीत. मी नुसता तिचा हात धरला. तिनं माझ्याकडं बराच वेळ निरखून बघितलं, मग भावजयीला विचारलं, "कुणाची ही?"

भावजयीनं चहा आणला. मी तो प्याले आणि निघाले.