वल्ह्याला कान लावून: जयगड खाडीतले चार दिवस

रत्नागिरीला जायचं ठरवताय म्हणून हे वाचत असाल, तर आधीच सांगून टाकतो, मला तुमचा हेवा वाटतो. तुम्हाला कोकण रेल्वे आहे, रुंद रस्ते आहेत, घरबसल्या खोली मिळते. आम्ही गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. स्वारगेटहून सकाळची लाल एसटी पकडायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यातच बसायचं. कुंभार्ली घाटात निम्मी गाडी खिडक्यांबाहेर माना काढून ओकत होती. मी ओकलो नाही, पण खिडकीही मला मिळाली नव्हती. ती शैलाला मिळाली होती.

शैलाबद्दल सांगायलाच हवं, कारण या प्रवासात मी खाडी कमी आणि तिलाच जास्त बघत होतो, तेही वाईट डोळ्याने. पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार कचेरीत मी आठ वर्षं आवाज मोजायचं काम करत होतो. कारखाने, जनित्रं, पिठाच्या गिरण्या, सगळीकडे माझं साउंड मीटर घेऊन फिरलो होतो. शैला जीवशास्त्राची, नागपूरची, कचेरीत येऊन तिला सहा महिने झाले होते. समुद्र तिने पाहिलेलाच नव्हता. तरी निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ‘‘मुख्य अहवाल शैला लिहील. तू आवाजाचा भाग बघ.’’ मी ‘‘हो सर’’ म्हणालो आणि जिन्यात येऊन भिंतीला लाथ मारली.

काम असं होतं. जयगड खाडीच्या आतल्या अंगाला एका कंपनीचं काँप्रेसर स्टेशन होतं. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू दाबून पुढे ढकलायचा, एवढाच त्याचा उद्योग. तिथे एक यंत्र चालू होतं, कंपनीला आणखी तीन बसवायची होती. त्याने माणसांना, पाण्याला, मासळीला काय होईल ते बघून आम्ही अहवाल द्यायचा होता. पर्यावरणाचा कायदा नवा होता आणि असले अहवाल कसे लिहायचे ते आम्हालाही धड ठाऊक नव्हतं. साहेबांचा एक नियम मात्र पक्का होता. यंत्राने मोजता येत नाही असं काही आढळलं, तर ते दोघांनी स्वतः अनुभवलेलं हवं आणि खाली दोघांच्या सह्या हव्यात. नाहीतर तो कागद अहवालात जायचा नाही.

पहिली रात्र रत्नागिरीत स्टँडसमोरच्या लॉजवर काढली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निवळीच्या फाट्यावरून जयगडच्या दिशेला लागलो. दोन्हीकडे कातळ, काळा आणि सपाट, मधूनच जांभ्या दगडाचे गडगे घातलेल्या आंब्याच्या बागा. जानेवारीत गेलात तर मोहोराचा वास गाडीत येतो. गावात सार्वजनिक बांधकामच्या बंगल्यात दोन खोल्या मिळाल्या. जेवण शेजारच्या सकिनाबींकडे. तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी, असं जेवण मी पुण्यात पैसे टाकूनही खाल्लेलं नाही. पण तिथेही माशाचं डोकं शैलाच्या ताटात.

‘‘पोर लांबून आली हाय,’’ सकिनाबी म्हणाल्या.

‘‘मीही लांबूनच आलोय,’’ मी म्हणालो.

‘‘तुमी पुण्याचे ना?’’ एवढं विचारून त्यांनी माझ्या ताटात शेपटी वाढली.

त्या दुपारी ग्रामपंचायतीत सभा घेतली. ती मीच घेतली, निदान तेवढं तरी. स्टेशनच्या आवाजाचा कुणाला त्रास होतो का, म्हणून विचारलं. सरपंच हसले. ‘‘कसला त्रास? ह्यापेक्षा एसटीचा भोंगा मोठा. उलट तीन मशीनं आली तर आमची पोरं मुंबईस नाय जावची.’’ माझं मीटरही तेच सांगत होतं. धक्क्यावर उभं राहिलं तर यंत्राचा आवाज लाटांत विरून जायचा. मी वहीत लिहिलं, ‘त्रास नगण्य’, आणि खाली रेघ मारली.

सभा उठल्यावर एक म्हातारा शैलाकडे आला. माझ्याकडे नाही, हे नीट लक्षात घ्या. हसनचाचा म्हणत त्यांना. सकिनाबींचे थोरले दीर, दालदी मुसलमान, सगळी हयात खाडीच्या तोंडाशी घोळ पकडण्यात गेलेली. घोळ हा मोठा, महागाचा मासा. घोळ पाण्याखाली आवाज करते आणि हसनचाचा तो आवाज ऐकून जाळं टाकत. होडीतून वल्हं पाण्यात उभं सोडायचं आणि त्याच्या मुठीला कान लावायचा. त्यांचे वडीलही असंच करत.

‘‘मशीन चालू असला की वल्ह्यात निस्ती घरघर,’’ ते म्हणाले. ‘‘मासली बोलते का गप हाय, काय कलत नाय. हप्त्यातनं एकदाच बंद ठेवतात, शुक्रवारी दुपारी, तेल घालायला. आणि तवा माझी जुम्याची नमाज.’’

‘‘मग काय करायला हवं, चाचा?’’ शैलाने विचारलं.

‘‘थंडीचे तीन महिने रोज दोन तास बंद ठेवा. पाणी भरून थांबतं तवा. तेवढ्यात मना घोल गावते. चार मशीनं झाली आणि दोन तास नाय दिले, तर माझी होडी इकायची.’’

त्यांची मागणी इतकीच होती. स्टेशन नको असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

मी म्हणालो, पाण्याखालचं मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. शैला म्हणाली, ‘‘मग कानाने ऐकू ना सर, दोघंही.’’ आणि ती सरळ स्टेशनच्या मॅनेजरकडे गेली. उद्या दुपारी अर्धा तास यंत्र बंद ठेवाल का, म्हणून तिने विचारलं आणि तो माणूस चक्क हो म्हणाला! आठ वर्षांत माझ्यासाठी कुणी पिठाची गिरणीसुद्धा बंद ठेवली नव्हती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी होडीत बसलो. हसनचाचा, शैला आणि मी. पाणी भरून थांबलं होतं. यंत्र चालू असताना आम्ही दोघांनी आळीपाळीने वल्ह्याला कान लावला. घरघर इतकी स्पष्ट होती की मी दचकलो. हवेत जो आवाज माझ्या मीटरला सापडत नव्हता, तो लाकडातून दातांपर्यंत येत होता. मग स्टेशन थांबलं.

‘‘दाबू नको,’’ चाचा शैलाला म्हणाले, ‘‘नुस्ता टेकव. आणि दम धर.’’

शैला डोळे मिटून बसली. बराच वेळ काही नाही. मग तिचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. ‘‘ऐकू येऊन राहिलं, चाचा! टर्र टर्र, बेडकासारखं, पण खोल!’’ चाचा हसले. ‘‘तीच. खालच्या अंगाला हाय.’’ समुद्र कधी न पाहिलेली नागपूरची मुलगी, आणि पहिल्याच खेपेला. मला ते सहनच होईना. आवाज हे माझं क्षेत्र होतं.

मग माझी पाळी आली. मी कान टेकवला. आधी नुसतं पाणी आणि माझंच धडधडणारं रक्त. आणि मग आला. टर्र, टर्र, जरा थांबून पुन्हा टर्र. एकाचा नाही, कित्येकांचा, जणू समुद्राच्या तळाशी कुणी दारं करकरवत होतं. आयुष्यात इतका सुंदर आवाज मी ऐकला नव्हता.

‘‘येतंय ना, सर?’’ शैलाने विचारलं.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पाणीच आहे नुसतं.’’

का म्हणालो? तिला आधी ऐकू आलं म्हणून. दुसरं काही कारण नाही. मी हो म्हटलं असतं तर तो तिचा शोध ठरला असता आणि मी तिच्याखाली सही करणारा.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ज्याने जन्मभर ऐकण्यावर पोट भरलं, त्याला ऐकणाऱ्याचा चेहरा कळत असणारच.  वल्हं वर घेऊन त्यांनी जाळं सोडलं. अर्ध्या तासाने दोन घोळी होडीत आल्या, एकेक माझ्या हाताएवढी लांब. त्यातली एक त्यांनी सकिनाबींकडे धाडली. संध्याकाळी तिचं कालवण झालं. मी पोटभर खाल्लं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चौथ्या दिवशी परत. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: येताना निवळीला चहा घ्या, आणि कुंभार्लीपेक्षा आंबा घाट पोटाला बरा. आम्ही आंबा घाटाने कोल्हापूर गाठलं. या वेळी शैलाने खिडकी मला दिली. साऱ्या घाटात मी मनात एकच वाक्य घोळवत होतो, ‘शैला, मलाही ऐकू आलं होतं.’ साखरपा गेलं, मलकापूर गेलं, ते वाक्य काही बाहेर पडलं नाही.

पुण्यात तिने त्या प्रसंगाचा कागद टाइप केला. एकच पान. वेळ, जागा, यंत्र चालू आणि बंद असताना काय ऐकलं, आणि शेवटी थंडीत रोज दोन तास यंत्रं थांबवण्याची शिफारस. खाली सह्यांसाठी दोन रेघा, एकीवर तिची सही. साहेबांनी कागद वाचला आणि मला समोर बसवून विचारलं, ‘‘तू सांग. तुझा कान आठ वर्षं तयार झालेला आहे. तू हो म्हणालास तर मी हे छापतो, कंपनीला ऐकावंच लागेल.’’

आठ वर्षं मी या वाक्याची वाट पाहत होतो. ते मिळालं, आणि तरीही मी म्हणालो, ‘‘मला काही ऐकू आलं नाही, सर.’’

कागद अहवालातून निघाला. विस्ताराला मंजुरी मिळाली, दोन तासांची अट नाही. पुढच्या थंडीत चारही यंत्रं चालू झाली. वर्षभराने सकिनाबींचं शैलाला पत्र आलं. दिरांनी होडी विकली, मुलाने कुवेतला नेलं. तिने ते मला वाचून दाखवलं. मी हातातली फाइल चाळत राहिलो.

पण मनात राहून गेलंय ते पत्र नाही. साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मला वाटलं, आता शैला भांडेल. मी तयार होतो, उत्तरंही ठरवून ठेवली होती. ती जिन्यात थांबली होती. तिचे डोळे भरले होते.

‘‘बरं केलं सर, खोटी सही नाही केली,’’ ती म्हणाली. ‘‘मला फक्त एकाच गोष्टीचं वाईट वाटून राहिलं. इतका सुंदर आवाज होता, आणि तुम्हाला नाही ऐकू आला.’’