बुद्धघोष सरांचा चिनी सुभेदार

अंथुर्ण्याच्या बुद्धघोष सरांना चीनचं वेड लागलं ते बौद्ध भिक्खूंच्या प्रवासवर्णनांमुळं. ती वाचता वाचता एका जुन्या इंग्रजी ग्रंथात त्यांना ल्यू भेटला. साडेअकराशे वर्षांपूर्वीचा, तांग घराण्याच्या पडत्या काळातला लष्करी सुभेदार. मीठ वाहणाऱ्या हमालाचा पोरगा, शिपाई म्हणून भरती झाला आणि चाळिशीत सरहद्दीवरच्या सुभ्याचा धनी बनला. राजधानीत बादशहा नावापुरता. इकडं फौज ल्यूची, कोठारं ल्यूची. दुष्काळात त्यानं ती कोठारं रयतेला उघडी केली. पुढच्याच साली बंडखोरांची मुंडकी वेशीवर टांगली.

"माणूस चांगला का वाईट, मला अजून ठरवता येईना," सर म्हणायचे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं खपून त्यांनी ल्यूचं चरित्र लिहिलं. पाच वह्या भरल्या. शेवट तेवढा राहिला होता. बहीण वारल्यावर तिचा विकी सरांनीच वाढवलेला. तो आता बारामतीत प्राध्यापक. "मामा, टाइप करून आणतो," म्हणून वह्या घेऊन गेला.

दीड वर्षानं प्रकाशनाची पत्रिका आली. पुस्तक ल्यूचं, लेखक म्हणून नाव विकीचं.

"जाऊ नगा," सरांची बायको केसरबाई म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ."

सर गेले. इंदापूरच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसून त्यांनी आधी शेवटची पानं वाचली. तिथं ल्यू म्हातारपणी, नातवंडांच्या गराड्यात सुखानं मेला होता. विकीनं मनानंच लिहिलेलं.

"आता माझे मामा दोन शब्द बोलतील," विकी माइकवरून म्हणाला.

सर उठले. "ल्यू असा मेला नाही. मेलेल्या मित्राचा मुलगा त्यानं पोटच्यासारखा वाढवला होता. ऐन दुपारी त्या मुलानंच शत्रूला वेस उघडून दिली. मारेकऱ्यांच्या पुढं तोच चालत आला. ल्यूनं तलवार काढलीच नाही."

पुस्तक अजून कुणी वाचलं नव्हतं; लोकांना वाटलं, सर पुस्तकाचं कौतुक करतायत. टाळ्या पडल्या.

बाहेर विकीनं गाठलं. "मामा, बढतीला पुस्तक लागत हुतं. आणि तुमी कुठं छापणार हुता?"

"मागायचं होतंस," सर म्हणाले. "दिलं असतं मी."

त्यांनी अंथुर्ण्याची एसटी धरली. पुढं विकी दोनदा घरी आला. केसरबाईनं चहा दिला. सर उसात निघून गेले, आणि त्याची गाडी गावाबाहेर पडल्यावरच परतले.